सासरेबुवांचा मौनकाळ

२४ ऑक्टोबर १९९३, दसरा. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. खताच्या दुकानदाराने जानेवारीत दिलेली डायरी आजवर कोरी होती. नऊ महिने वाया गेले असं कोणी म्हणू नये. मनात लिहीत होतो.

मुहूर्ताचा संकल्प एकच. १३ फेब्रुवारीला नांदेडच्या एका कॉलेजात सेमिनार आहे. विषय, माणूस दुसरी भाषा कशी शिकतो. त्यात पेपर वाचायचाच. लातुरात सध्या देवळांपेक्षा कोचिंग क्लासचे बोर्ड जास्त, आणि त्यातले सगळ्यात मोठे माधवराव सरांचे. त्यांनी शब्द दिलाय की नांदेडला पेपर वाचून या, जूनपासून स्पोकन इंग्लिशची ब्रँच तुमच्या हाती. बोर्डावर 'भीमाशंकर सर' आणि खाली 'भाषातज्ज्ञ'. अठरा वर्षं आठवी 'क'ला पॅसिव्ह व्हॉइस शिकवून माझा घसा बसलाय, आणि घसाच नाही, बरंच काही बसलंय. सुटका पाहिजे.

पत्राने केलेल्या डिप्लोमाच्या नोट्स माळ्यावरून काढल्या. थिअऱ्या सगळ्या आहेत. आता प्रयोगाला शिकणारा माणूस पाहिजे. प्रौढ, आणि पळून न जाणारा.

दुपारी ३.००

सापडला. आपल्याच ओसरीवर बसलाय.

२५ ऑक्टोबर

नोंद, पेपरसाठी. शिकणारी व्यक्ती: वीरण्णा, वय अडुसष्ट, माझे सासरे. गाव निलंग्याच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेवर. घरची भाषा कानडी. गेल्या महिन्यातल्या भूकंपात घर गेलं, सासूबाई गेल्या, तेव्हापासून आमच्याकडे आहेत.

मराठी येत नाही. माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली, त्यात ते माझ्याशी 'या' आणि 'बसा' एवढंच बोलले. जावई आला की सासऱ्याने बाज सोडून खांबाला टेकून बसायचं आणि बोलायचं सासूने, ही त्या घरची रीत. मी ती कधी मोडली नाही. म्हणजे शब्दसंग्रह दोन. इतकी स्वच्छ पाटी परदेशातल्या संशोधकांनासुद्धा मिळत नसेल.

उमादेवीला प्रयोग समजावून सांगितला. ती भाकरी थापताना म्हणाली, अहो, अप्पाला येती की मराठी. मुलीचं प्रेम. मुलीला बाप सर्वज्ञच वाटतो. नोंदीत घेतलं नाही.

३१ ऑक्टोबर

थिअरी पहिली: भाषा म्हणजे सवय. वस्तू दाखवा, शब्द म्हणवून घ्या, बरोबर आला की लगेच बक्षीस. ग्लुकोज बिस्किटांचा पुडा आणला. समोर तांब्या ठेवला. हा तांब्या. हे काय आहे? तांब्या. असं वीस वेळा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, मग तांब्या उचलला, वरून पाणी प्याले आणि खाली ठेवला. शब्द नाही.

आजचा निकाल: सासरे शून्य. मनस्विनी, आमची कन्या, वय दहा, शेजारी बसून स्वतःच तांब्या, तांब्या म्हणत होती. बिस्किटं सहा.

७ नोव्हेंबर

आठवडाभर तांब्या, खुर्ची, कंदील, छत्री. रोज चाळीस मिनिटं. शाळेतून आल्यावर हे करायला अंगात त्राण राहत नाही, पण संशोधन म्हणजे तपश्चर्या आहे.

निरीक्षण: सकाळी वर्तमानपत्र घेऊन दोन तास बसतात. फोटो पाहत असावेत. आज पेपरात फोटो नव्हतेच, गावोगावच्या मयतांच्या नुसत्या याद्या होत्या. तरी बोट फिरवत पाहत बसले. एका जागी बोट बराच वेळ थांबलं. सवय, दुसरं काय.

१३ नोव्हेंबर, दिवाळी

यंदा घरात फराळ नाही. उंबऱ्यावर एक पणती. उमादेवी म्हणाली, अप्पाशी जरा बोलत जावा की हो. मी म्हटलं, रोज चाळीस मिनिटं बोलतो, तूच मोज. ती म्हणाली, ते बोलणं न्हाई, ती परीक्षा हाय.

बी.एड. नसलेल्या माणसाला अध्यापन आणि परीक्षा यांतला फरक सांगणं कठीण. दिवाळीचा दिवस म्हणून सोडून दिलं. डोकं दुखतंय.

२१ नोव्हेंबर. पहाटे ५.३०

युरेका!

नोट्सच्या मागच्या पानावर मिळालं. मौनकाळ! नवी भाषा शिकणारा माणूस आधी बरेच महिने काही बोलतच नाही. आत साठवत असतो. त्याला बोलायची सक्ती करू नये. म्हणजे सासरे शिकत नाहीत असं नाही, ते जोरात शिकतायत. जितकं गप्प तितकं शिक्षण जास्त. ही थिअरी फार सोयीची आहे, आजवर कोणी मनावर का घेतली नाही कळत नाही.

पेपरचं नाव पक्कं: 'प्रौढ शिकणाऱ्याचा मौनकाळ, एक प्रत्यक्ष अभ्यास'. बिस्किटं बंद. मनस्विनी रुसली.

२८ नोव्हेंबर

माधवराव सरांकडे रविवारची ट्रायल बॅच घेतली. तिथेही मौनकाळ. चाळीस मुलं, मी एकटा इंग्रजी बोलणार, मुलं फक्त ऐकणार. अर्धा तास उत्तम चाललं. माझं बोलणं संपल्यावर मीही मौन पाळलं.

लातुरात पालक क्लासच्या खिडकीखाली उभे राहून पाठांतराचा आवाज ऐकतात आणि त्यावरून ठरवतात की शिकवणी चालू आहे की नाही. आज आवाज नाही म्हणताच खाली कुजबुज. भूकंपापासून माणसं आधीच बिथरलेली. तेवढ्यात मागचा बाक सरकला. कोणीतरी ओरडलं, हाललं रे. तीन मिनिटांत बॅच रस्त्यावर, पुस्तकं आत, आणि पालक आपापलं लेकरू सायकलवर घालून पसार.

माधवराव सर म्हणाले, सर, थिअरी नांदेडला ठेवा, इथं आवाज पार चौकात गेला पाहिजे. व्यापारी दृष्टी. तरी ब्रँचचा शब्द मागे घेतला नाही, ही जमेची बाजू.

९ डिसेंबर

विचित्र प्रसंग. शाळेतून येताना कोपऱ्यावरच्या हमीदमियाँच्या शिलाईच्या दुकानात सासरे बसलेले. दोघं हसत होते. हमीदमियाँ उर्दूशिवाय बोलत नाही. मी पोचलो तसे सासरे गप्प झाले, उठून घरी चालू लागले.

हमीदमियाँला विचारलं, यांच्याशी काय बोलता? म्हणाला, सर, बुजुर्ग निजाम के जमाने की चौथी पास हैं, क्या जबान है! शिंप्याला अतिशयोक्तीची सवय असतेच. परवा देतो म्हणतो आणि महिन्याने देतो.

नोंद: हावभावांच्या भाषेत विलक्षण प्रगती.

१९ डिसेंबर

थिअरी तिसरी: मनातल्या भीतीची चाळणी. माणूस धास्तावलेला असला की चाळणी तुंबते, भाषा आत झिरपत नाही. आता कळलं अडचण कुठे आहे. सासरे अजून स्लॅबखाली झोपत नाहीत. डिसेंबरच्या थंडीत अंगणात बाज.

परवा भीती काढायचं ठरवलं. त्यांचं अंथरूण उचलून आतल्या खोलीत घातलं. भिंतीवर बुक्की मारून दाखवली, छताकडे बोट केलं, पक्कं आहे म्हटलं, हळू आणि सोप्या मराठीत, नोट्समध्ये सांगितल्याप्रमाणे शिकणाऱ्याच्या पातळीच्या एकच पायरी वरचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अंथरूण काखेत मारून अंगणात गेले. त्यांना खोकला होता.

उमादेवी दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. घरात आता मौनकाळ दोन.

२ जानेवारी १९९४

नव्या वर्षाचा संकल्प: चिडायचं नाही.

संध्याकाळी चिडलो. मनस्विनी अंगणात आजोबांना विचारत होती, अज्जा, ऊटा आयता? जेवलात का. त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, तिने परत काहीतरी म्हटलं, आणि दोघं भराभरा कानडी बोलायला लागले. ही कधी शिकली? कोणी शिकवली? एक थिअरी नाही, एक तक्ता नाही!

नोट्समध्ये उत्तर आहे. बारा वर्षांच्या आतलं पोर भाषा आपोआप उचलतं, त्यानंतर दार बंद. ठीक. पण शिकायचं कोणी हे ठरलेलं असताना शिक्षण उलट्या दिशेने चाललंय. प्रयोगाची शिस्त बिघडते. मनस्विनीला दम दिला की अज्जाशी मराठीतच बोलायचं.

खरं म्हणजे ऐकताना आधी बरं वाटलं होतं. माझी आजी अशीच बोलायची. वडलांना मास्तरांनी सांगितलं की घरात कानडी राहिली तर पोरगा इंग्रजीत नापास होणार. त्या दिवसापासून आजीचं बोलणं कमी कमी होत गेलं. मी इंग्रजीत पास झालो. बरं वाटलं आणि मग ओरडलो, हा क्रम इथे लिहून ठेवतो. कोणी वाचणार नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

सुतक म्हणून सण नाही, पण शेजारून तीळगूळ आला. सासऱ्यांनी त्यातला एक लाडू माझ्या हातावर ठेवला. तीळगूळ घ्या, गोड बोला, एवढं म्हणायची चालून आलेली संधी. म्हणाले नाहीत.

मौनकाळ, दिवस ब्याऐंशी. मीही काही म्हटलं नाही. सक्ती करू नये.

२ फेब्रुवारी

पेपर तयार, सतरा पानं, इंग्रजीत. तीनदा फेअर केला. मनगट गेलं.

मोठी कल्पना: सासऱ्यांना नांदेडला सोबत न्यायचं. मौनकाळाचा जिवंत नमुना स्टेजवर बसलेला! असं प्रात्यक्षिक मराठवाड्यात झालेलं नाही. उमादेवी आधी नको म्हणाली. मग अंगणात जाऊन त्यांच्याशी बोलली आणि परत येऊन म्हणाली, येतो म्हणतेत. जावईबापूचं काम हाय तर येतो. तिथं मी काय करायचं, इचारायलेत.

मी म्हटलं, काहीच नाही. फक्त गप्प बसायचं.

उमादेवी म्हणाली, अहो, अप्पा हितं ऱ्हावं वाटतंय मला. गावाकडं टिनाचे शेड झालेत. तेनला हितं करमलं न्हाई तर जातेत बघा, मला अडवता यायचं न्हाई. मी म्हटलं, पेपर होऊ दे, मग त्यांना शिकवायला वेळच वेळ आहे.

१३ फेब्रुवारी. नांदेड. सकाळी ११.२०

एसटीचा प्रवास सुखाचा. लोह्याला चढलेल्या बाईने जागा मागितली, सासरे लगेच सरकले. आकलनाची पातळी उत्तम. पेपर दुपारच्या सत्रात. नेहरू शर्ट इस्त्रीचा आहे. भाषातज्ज्ञ दिसतो.

१३ फेब्रुवारी. रात्री, परतीच्या बसमध्ये. अक्षर हलतंय.

क्रमाने लिहितो.

पेपर वाचला. सतरातली नऊ पानं झाल्यावर घंटा वाजली. कोणीतरी इंग्रजीत प्रश्न विचारला. मला समजला. उत्तरही येत होतं. तोंड उघडलं आणि काहीच बाहेर आलं नाही. घाबरून नव्हे. मीही बहुधा साठवत असेन.

तेव्हा प्रात्यक्षिकाकडे वळलो. सासरे स्टेजवरच्या खुर्चीत, पटका नीट बांधून, हात गुडघ्यांवर. तांब्या दाखवला. हे काय आहे? गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. मी सभागृहाकडे विजयाने पाहिलं.

अध्यक्ष देविका मॅडम म्हणून निवृत्त प्राध्यापिका होत्या. त्या माईक ठेवून उठल्या, सासऱ्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि साध्या मराठीत म्हणाल्या, बाबा, दमलात का? गाव कुठलं तुमचं? घरी कोण कोण असतं?

आणि ते बोलले. मराठीत. माझ्यापेक्षा बऱ्या मराठीत.

म्हणाले, गाव निलंग्याच्या खाली व्हतं, बाई. आता न्हाई. घरात दोघं व्हतो, आता मी हाय. गनपती बुडवून आलो. उकडायलंतं म्हून मी अंगणात निजलो, ती आत. ती म्हनली, आत या, भाईर डास हायेत. मी म्हनलो, तूच भाईर ये. ती आली न्हाई, मी गेलो न्हाई. पहाटं सगळं खाली आलं. कानडीत हाक मारली. मिलिटरीवाले आले, तेनला उर्दूत सांगितलं, हितं निजलीती, हितं खंदा. तालुक्याच्या सायबाला मराठीत सांगितलं. सगळ्या भाषा करून बघितल्या, बाई. तिनं ओ दिली न्हाई.

मी तांब्या हातात धरून उभा होतो. खाली ठेवायचं सुचलं नाही.

मागून कोणीतरी विचारलं, आजोबा, मग जावयाशी का बोलत नव्हता? ते माझ्याकडे न बघता म्हणाले, जावईबापू रोज इचारतेत, ह्ये काय हाय. तांब्या हाय. तांब्याला तांब्या म्हनायला मी काय लेकरू हाय? येगळं काई इचारलं असतं तर बोललो असतो. कामाचा मानूस हाय, हुशार हाय, म्हून मी बी मधी पडलो न्हाई. नांदेडला गप बसा म्हनले, बसलो. या बाईनं इचारलं म्हून मोडलं. चुकलं असंल तर माफी करा.

माफी त्यांनी माझ्याकडे मागितली. सगळ्यांसमोर.

अहमदपूरला बस थांबली. ते खाली उतरले, चहाचे दोन कप घेऊन आले, एक माझ्यापुढे धरला. म्हणाले, घ्या. 'या', 'बसा', आणि आता 'घ्या'. बारा वर्षांत तिसरा शब्द.

१५ फेब्रुवारी

उमादेवीला सांगितलं. ती म्हणाली, मी पहिल्या दिवशीच सांगितलंतं. खरंय. त्याच पानावर लिहिलंय, 'नोंदीत घेतलं नाही'.

साडेतीन महिने तो माणूस माझ्या ओसरीवर बसून होता आणि मी त्याला छत्री दाखवत होतो. लाज वाटते. थिअरीत बसत नाही, तरी लिहितो, लाज वाटते.

संकल्प: त्यांच्याशी बोलायचं. उद्यापासून.

१९ फेब्रुवारी

रोज ओसरीवर जातो. ते सरकून जागा देतात. मी बसतो. तोंडात येतं ते नेमकं, हे काय आहे. मग गप्प बसतो. माझ्याकडे दुसरा प्रश्नच नाही, हे मला माहीत नव्हतं.

२० फेब्रुवारी

सासरे गेले. टिनाच्या शेडमध्ये. शेत तिथं हाय, ज्वारी काढायला आली, म्हणाले. मराठीत, मला. आता मराठीत सांगतात हे जास्त लागतं. उमादेवी स्टँडवर रडली नाही. घरी येऊन त्यांची बाज भिंतीला उभी केली आणि मग रडली.

२४ फेब्रुवारी

माधवराव सरांकडे गेलो. स्पोकन इंग्लिशची ब्रँच यज्ञेश नावाच्या तरुणाला दिली. व्याकरण कच्चं आहे, पण आवाज चौकाच्याही पुढे जातो. सर म्हणाले, नांदेडचं कळलं, वाईट वाटून घेऊ नका. वाटून घेण्याइतकं लक्षच नव्हतं. आठवी 'क'चे पेपर तपासायचे पडलेत.

२७ फेब्रुवारी

मनस्विनीकडे शिकवणी लावली. एकच वाक्य. मनीगे बर्री. घरी चला. आठ दिवसांत पाठ करून पुढच्या रविवारी जाऊन म्हणायचं. उमादेवीला सांगितलेलं नाही. कन्या कडक आहे. म्हणते, पप्पा, तुमचं वय बाराच्या वर आहे, तुम्हाला वेळ लागणार.

६ मार्च, रविवार

सकाळच्या बसने निलंगा, पुढे जीपने. टिनाचे शेड रांगेत. आत तापलेलं. एक बाज, एक कंदील, खुंटीवर पटका, आणि सासूबाईंचं एक लुगडं घडी घालून.

या, म्हणाले. बसा. आणि बाज सोडून खाली खांबाशी जाऊन बसले. मी उठलो आणि त्यांच्या शेजारी खाली बसलो. रीत मोडली. ते सरकले.

वाक्य आठ दिवस रोज म्हटलंय. दाढी करताना, बसमध्ये, आठवी 'क'मध्ये फळ्याकडे तोंड करून. तोंड उघडलं. आलं नाही. पुन्हा उघडलं. ते थांबले होते. घाई करत नव्हते. मग त्यांनी हात लांब केला, पाण्याचा तांब्या ओढून माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, इदु एनु?

हे काय आहे.

मी म्हटलं, तांब्या. त्यांनी मान हलवली. चंबु, म्हणाले. मी म्हटलं, चंबु. उठले, फळीवरचा डबा उघडला आणि ग्लुकोजचं एक बिस्कीट माझ्या हातावर ठेवलं. आमच्याच घरचा पुडा. मनस्विनीने जाताना पिशवीत घातला असणार.

दुपारभर त्यांनी शिकवलं. दार, बाज, पाणी, ज्वारी. चुकलो की हसत नव्हते. मी कुणाला इतका वेळ देऊन शिकवलेलं नाही कधी.

जीप आली तेव्हा तिच्या पायरीवर उभं राहून एकदाचं म्हटलं. मनीगे बर्री. कसंतरी आलं, पण आलं. ते मराठीत म्हणाले, पुढल्या आयतवारी या. धडा अर्धा ऱ्हायला.

रात्री ९.००

उमादेवीने विचारलं, अप्पा काय म्हणाले? म्हटलं, रविवारी बोलावलंय. येतो म्हणाले का? नाही. मग तुम्ही काय म्हणलात? म्हटलं, चंबु. ती हसली. गणपतीनंतर पहिल्यांदा हसली. मग पदर डोळ्यांना लावून आत गेली.

नोंद. शिकणारी व्यक्ती: भीमाशंकर, वय बेचाळीस, जावई. शब्दसंग्रह सात. बिस्किटं पाच, त्यातलं एक खिशात चुरा होऊन आलं.